व्यसनमुक्तींत समुपदेशाचा उपयोग : ऐतिहासिक पुराव्याची छाननी

(१) दारू, अफू, गर्द इत्यादि मादक पदार्थांच्या तावडींत सांपडलेल्या मनुष्यास दुसऱ्या मनुष्याचे शब्द बाहेर काढूं शकतात काय, हा प्रश्न सामान्यतः वैद्यांचा किंवा धर्मोपदेशकांचा समजला जातो. परंतु थोडा विचार केला असतां हा प्रश्न पुराव्याचा, म्हणजे आपल्याच शास्त्राचा आहे, असें दिसून येईल. अमक्याची दारू अमक्याच्या उपदेशानें सुटली असें विधान जेव्हां केलें जातें, तेव्हां तें कोणीं केलें, केव्हां केलें, स्वतः पाहून केलें कीं ऐकून केलें, आणि ज्यांची सुटली नाहीं त्यांची गणती कोठें झाली, हे प्रश्न आपण एखाद्या बखरीस विचारतों तसेच येथेंही विचारले पाहिजेत. उपदेशानें सर्व कांहीं होतें असें म्हणणारे आणि उपदेशानें कांहींच होत नाहीं असें म्हणणारे, असे दोन पक्ष पूर्वीपासून आहेत. दोघांच्याही हातीं कागद आहेत. ते कागद किती भार सोसतात, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

(२) आपल्याकडील साधनांपासून आरंभ करूं. न्यायमूर्ति रानडे यांनीं पेशव्यांच्या रोजनिशांवर १९०० सालीं जो निबंध लिहिला, त्यांत पेशवाईंतील दारूबंदीचा व त्या बंदींतील सवलतींचा उल्लेख आहे. पुढें इंग्रजी अमलांत १८७८ चा मुंबई अबकारी कायदा झाला व दारू हा सरकारी उत्पन्नाचा विषय बनला. काँग्रेस मंत्रिमंडळानें १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत दारूबंदी सुरू केली, आणि १९४९ सालीं मुंबई दारूबंदी कायदा मंजूर झाला. या दप्तरांचें एक वैशिष्ट्य ध्यानांत घेण्यासारखें आहे. यांत भट्टी आहे, मक्ता आहे, दंड आहे, महसूल आहे. परंतु पिणारा मनुष्य स्वतः काय म्हणतो, त्यास कोणीं समजाविलें काय, आणि समजाविल्यावर पुढें काय झालें, हें क्वचितच सांपडतें. सरकारी कागद बंदीचा इतिहास देतो, मुक्तीचा देत नाहीं. म्हणून आपल्या प्रश्नाचें उत्तर अन्यत्र शोधणें प्राप्त आहे. आणि त्याचीं सर्वांत सलग साधनें इंग्लंड, आयर्लंड व अमेरिका या देशांत उपलब्ध आहेत.

(३) अतिमद्यपान हें केवळ पाप नसून रोग आहे, हा विचार अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील डॉक्टर बेंजामिन रश यांनीं १७८४ सालच्या आपल्या निबंधांत मांडला. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा लेखक म्हणजे ब्रिटिश आरमारांतील वैद्य टॉमस ट्रॉटर. त्यानें १७८८ सालीं एडिंबरो येथें या विषयावर लॅटिनमध्यें प्रबंध सादर केला व १८०४ सालीं तोच विषय इंग्रजीत विस्तारून प्रसिद्ध केला. दारूची संवय हा मनाचा रोग आहे, असें त्याचें स्पष्ट मत होतें. यावरून त्यानें काढलेलें अनुमान असें कीं, वैद्यानें प्रथम रोग्याचा विश्वास संपादन करावा, त्याच्या पिण्यामागील कारण शोधावें, आणि मगच त्यास सांगावें. समुपदेश या शब्दानें आज जें समजलें जातें त्याचें बीज येथें आहे. मात्र ट्रॉटरचा ग्रंथ हा एका अनुभवी वैद्याचें मत आहे. त्यांत गणती नाहीं. मत म्हणून त्याचा आदर करावा, पुरावा म्हणून तो अपुरा आहे.

(४) यानंतर शपथपत्रांचा काळ येतो. आयर्लंडांतील कॉर्क शहरीं फादर थिओबोल्ड मॅथ्यू यांनीं १० एप्रिल १८३८ रोजीं संपूर्ण मद्यत्यागाच्या शपथेवर स्वतः सही केली, आणि थोड्याच वर्षांत लाखों लोकांनीं त्यांच्यासमोर ती शपथ घेतली. येथें आपणांस शपथेहून स्वतंत्र असें साधन मिळतें, तें म्हणजे जकातीचें दप्तर. १८३८ ते १८४२ या काळांत आयर्लंडमध्यें कर भरून खपलेल्या मद्यार्काचें प्रमाण निम्म्याहून खालीं आलें. चोरून गाळलेली दारू यांत धरलेली नाहीं व लोकांचें दारिद्र्यही ध्यानांत घेतलें पाहिजे. तरीही ही घट केवळ योगायोगाची म्हणतां येत नाहीं. परंतु ती टिकली नाहीं. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून भयंकर दुष्काळ आला, चळवळ विस्कळित झाली, आणि १८५६ सालीं फादर मॅथ्यू निवर्तले तेव्हां पूर्वीचा जोर उरला नव्हता. शपथ एका दिवसांत घेतां येते. तिच्या मागें रोजची संगत व विचारपूस नसेल तर ती मनुष्यास फार काळ धरून ठेवीत नाहीं, असें या प्रकरणावरून दिसतें.

(५) याच सुमारास अमेरिकेंत याहून निराळा प्रयोग झाला. २ एप्रिल १८४० रोजीं बाल्टिमोर येथील एका गुत्त्यांत बसणाऱ्या सहा मद्यपी मित्रांनीं आपसांत शपथ घेऊन वॉशिंग्टोनियन नांवाची मंडळी स्थापन केली. हिचें वैशिष्ट्य असें कीं, येथें उपदेशक हा स्वतः सुटलेला मद्यपी असे. तो व्याख्यान देत नसे, आपली कहाणी सांगत असे. पुढें राष्ट्राध्यक्ष झालेले अब्राहाम लिंकन यांनीं २२ फेब्रुवारी १८४२ रोजीं स्प्रिंगफील्ड येथें या मंडळीपुढें भाषण केलें. त्याचा आशय असा कीं, पूर्वीचे सुधारक मद्यप्यास शिव्याशाप देत, म्हणून त्यांचें कोणी ऐकिलें नाहीं. मनुष्य वळवावयाचा तर प्रथम आपण त्याचे मित्र आहों अशी त्याची खात्री पटली पाहिजे. ट्रॉटरनें वैद्याच्या नात्यानें जें सांगितलें, तेंच लिंकननें वकिलाच्या व्यवहारज्ञानानें सांगितलें. दोघांचा परस्परांशीं संबंध असल्याचें दिसत नसतां दोघांचें मत जुळावें, ही गोष्ट दखल घेण्याजोगी आहे.

वॉशिंग्टोनियन मंडळीच्या शपथांचे आंकडेही लाखांच्या घरांतील आहेत. परंतु हें सर्व साधन एकाच बाजूचें आहे. शपथेवर सही केल्याचा कागद होतो. शपथ मोडल्याचा कागद होत नाहीं. या मंडळींतून पुढें आलेला सुप्रसिद्ध वक्ता जॉन गॉफ १८४५ सालीं न्यूयॉर्क येथें पुन्हां पिऊन आठवडाभर बेपत्ता झाला, हें आपणांस कळतें तें तो प्रसिद्ध होता म्हणून आणि त्याचे विरोधक जागे होते म्हणून. सामान्य माणूस पुन्हां गुत्त्यांत गेला तर त्याची नोंद ठेवणारा कोणी नव्हता. दहा वर्षांच्या आंत ही चळवळ बहुतेक ठिकाणीं मावळली. संग्राहकांच्या हातीं आज जीं शपथपत्रें येतात, तीं त्या क्षणाच्या इच्छेचा अस्सल पुरावा आहेत, परिणामाचा नाहींत.

(६) यापुढचें प्रकरण फसव्या आंकड्यांचें आहे. इलिनॉय प्रांतांतील ड्वाइट या गांवीं डॉक्टर लेस्ली कीली यानें १८७९ सालीं आपला ‘सुवर्ण उपचार’ सुरू केला. दिवसांतून चार वेळां टोंचणी व चार आठवड्यांचा मुक्काम, असा त्याचा क्रम असे. औषधाची कृति गुप्त होती, आणि शंभरांत पंचाण्णव बरे होतात असा त्याचा दावा होता. हा आंकडा विश्वसनीय मानण्यास आधार नाहीं, कारण परतलेल्यांचा शोध घेण्याची पद्धतशीर व्यवस्था नव्हती व औषधांत त्या रोगावर खास गुण होता असें सिद्ध झालें नाहीं. तरीही कांहीं लोक तेथून सुटून आले व सुटलेलेच राहिले, हें खरें. टोंचणीसाठीं रांगेंत उभे राहतांना त्यांना आपल्यासारखीच अनेक माणसें भेटत, तीं आपसांत बोलत, आणि घरीं गेल्यावर ‘कीली लीग’ नांवाच्या मंडळांतून एकमेकांस भेटत राहत. सोन्याच्या नांवावर जो गुण विकला गेला तो पुष्कळ अंशीं संगतीचा असावा, हें अनुमान अयोग्य होणार नाहीं.

(७) समुपदेश हा स्वतंत्र व्यवसाय होण्याचा आरंभ बोस्टन शहरीं झाला. तेथील एमॅन्युएल चर्चचे धर्माधिकारी एलवुड वूस्टर यांनीं १९०६ सालीं वैद्य व धर्मोपदेशक यांच्या सहकार्यानें मनोविकारांवर उपचार सुरू केले. त्यांच्याकडे १९११ सालीं कोर्टने बेलर नांवाचा मद्यपी गृहस्थ आला, बरा झाला, आणि पुढें तेथेंच इतर मद्यप्यांस मार्गदर्शन करण्याच्या कामीं राहिला. तो वैद्य नव्हता व धर्मगुरूही नव्हता. स्वतःचा अनुभव हीच त्याची पात्रता. त्यानें १९१९ सालीं आपल्या पद्धतीवर पुस्तक प्रसिद्ध केलें. आज ठिकठिकाणच्या व्यसनमुक्ति केंद्रांत जो ‘सुटलेला समुपदेशक’ दिसतो, त्याचा पूर्वज म्हणून बेलर याचें नांव घेतां येईल.

(८) सन १९३५ मधील ॲक्रन येथील प्रसंग सर्वपरिचित आहे. परंतु त्याचें वाचन बहुधा अर्धवट होतें. न्यूयॉर्कचा दलाल बिल विल्सन दारू सोडल्यावर कित्येक महिने इतर मद्यप्यांस उपदेश करीत हिंडला. त्यांतील एकही टिकला नाहीं. स्वतः तो मात्र टिकला. मे महिन्यांत कामानिमित्त ॲक्रन येथें गेला असतां व्यवहारांत अपयश येऊन त्यास पुन्हां पिण्याची भीति वाटूं लागली, तेव्हां त्यानें बोलण्यासाठीं दुसरा मद्यपी शोधला. तो म्हणजे शल्यवैद्य रॉबर्ट स्मिथ. दोघे कित्येक तास बोलत बसले. या खेपेस विल्सननें शिकविण्याचा पवित्रा सोडला होता. मला तुमची गरज आहे, या भूमिकेनें तो बोलला. येथपर्यंतची कथा सर्व सांगतात. परंतु स्मिथ त्या भेटीनंतर पुन्हां प्याला, आणि ज्या दिवशीं त्याचा शेवटचा पेला झाला तो १० जून १९३५ हा दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संस्थेचा स्थापनादिन मानला जातो. म्हणजे या संस्थेच्या जन्मतिथींतच एक घसरण नोंदलेली आहे. घसरल्यावर विल्सननें त्यास टाकून दिलें नाहीं, यांतच त्या प्रसंगाचें मर्म आहे.

या संस्थेच्या मुख्य ग्रंथाची पहिली आवृत्ति १९३९ सालीं निघाली. दुसऱ्या, म्हणजे १९५५ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत असें विधान आहे कीं, ज्यांनीं खरोखर प्रयत्न केला त्यांपैकीं निम्मे लगेच सुटले, एक चतुर्थांश कांहीं घसरणीनंतर सुटले व उरलेल्यांपैकीं जे राहिले त्यांत सुधारणा दिसली. येथें ‘खरोखर प्रयत्न केला’ या शब्दांवर बोट ठेवणें अवश्य आहे. जो सोडून गेला त्याचा प्रयत्न खरा नव्हता असें ठरविलें, तर गणतीचा छेदच हवा तसा लहान होतो. लढाईंत पडलेले वगळून उरलेल्यांची मोजदाद करावी, तसाच हा प्रकार होय. विधान खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तें पुरावा म्हणून पारखतां येत नाहीं, एवढेंच आहे.

(९) खरी गणती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सुरू झाली. तिची रीत अशी कीं, मिळत्याजुळत्या रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे गट पाडावयाचे, त्यांस निरनिराळे उपचार द्यावयाचे व ठराविक मुदतीनंतर सर्वांचा, निघून गेलेल्यांचाही, शोध घ्यावयाचा. लंडन येथील ग्रिफिथ एडवर्ड्स व त्यांचे सहकारी यांनीं शंभर विवाहित मद्यपी पुरुषांवर असा प्रयोग करून १९७७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटास सर्व प्रकारचे उपचार दिले. दुसऱ्या गटांतील मनुष्यास त्याच्या पत्नीसह बसवून एकदांच सल्ला दिला आणि पुढची जबाबदारी तुमची, असें सांगितलें. वर्षानंतर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. ‘उपदेश व्यर्थ आहे’ असें म्हणणारा पक्ष हा दाखला नेहमीं पुढें करतो. परंतु मूळ हकीकत नीट पाहिली असतां असें दिसतें कीं, दुसऱ्या गटाचीही प्रथम तपशीलवार चौकशी झाली होती, सल्ला पतिपत्नींस एकत्र दिला होता, व पुढें दरमहा पत्नीकडे विचारपूस होत होती. तेव्हां हा प्रयोग समुपदेश असणें व नसणें यांची तुलना नव्हे. पुष्कळ व थोडा यांची तुलना आहे. शिवाय सर्व पुरुष संसारी होते. एकाकी, बेघर मनुष्यास तो निष्कर्ष लावणें धाडसाचें होईल.

दुसरा दाखला व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा. ली रॉबिन्स या विदुषीनें त्यांचा शोध घेतला, तेव्हां तेथें हेरॉइनच्या आहारीं गेलेल्यांपैकीं बहुतेकांनीं मायदेशीं आल्यावर, पुष्कळांनीं उपचाराविना, तें सोडल्याचें आढळलें. तीन वर्षांत पुन्हां आहारीं गेले ते शेंकडा सुमारें बारा. यावरून परिस्थिति बदलल्यास कांहीं माणसें आपोआप सुटतात हें सिद्ध होतें. म्हणून सुटलेल्या प्रत्येकाचें श्रेय उपदेशकास देणें चूक आहे. पण रणांगण सोडून घरीं येण्याचें भाग्य प्रत्येक व्यसनी मनुष्यास लाभत नाहीं. बहुतेकांस त्याच गल्लींत, त्याच मित्रांत राहून सोडावयाचें असतें.

(१०) अमेरिकेंत १७२६ रोग्यांवर केलेल्या व १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोजेक्ट मॅच’ या प्रयोगांत समुपदेशाच्या तीन पद्धतींची तुलना झाली. दोन पद्धतींत बारा बैठका होत्या, तिसरींत चारच. तिन्ही गटांत पिण्याचें प्रमाण पुष्कळ घटलें, परंतु पद्धतींत परस्परांमध्यें फारसा फरक आढळला नाहीं. मग फरक कशानें पडतो? विल्यम मिलर व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत याचें एक उत्तर मिळतें. समुपदेशक जितका अंगावर जाऊन दोष दाखवी, तितका रोगी अधिक विरोध करी व वर्षानंतर तो अधिक पीत असल्याचें दिसे. ट्रॉटर व लिंकन यांचें मत अशा रीतीनें दीड शतकानंतर गणतीच्या कसोटीस उतरलें.

सन २०२० मध्यें सत्तावीस अभ्यास व दहा हजारांहून अधिक रोगी एकत्र घेऊन एक समालोचन प्रसिद्ध झालें. त्यांत असें आढळलें कीं, सुटलेल्यांच्या मंडळींत रोग्यास पद्धतशीरपणें नेऊन बसविल्यास वर्षानंतर पूर्ण मुक्त असणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा सुमारें ४२, तर इतर मान्य समुपदेश-पद्धतींनीं सुमारें ३५ राहतें. हा आंकडा कीलीच्या पंचाण्णवाशेजारीं ठेवून पाहावा. खरा पुरावा नेहमीं जाहिरातीहून लहान असतो; पण ४२ म्हणजे शून्य नव्हे. शंभर घरांपैकीं बेचाळीस घरांत वर्षभर दारू शिरली नाहीं, याचा अर्थ ज्यांच्या घरीं ती आहे त्यांस समजावून सांगावयास नको.

(११) येथें एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. अफू व हेरॉइन यांच्या बाबतींत केवळ शब्दांवर विसंबणें धोक्याचें ठरलें आहे. व्हिन्सेंट डोल व मेरी निसवांडर यांनीं १९६५ सालीं न्यूयॉर्क येथून मेथाडोन या औषधाच्या नियमित मात्रेचे परिणाम प्रसिद्ध केले; तेव्हांपासून जमलेला पुरावा असें दाखवितो कीं, अशा औषधानें जीव वाचतात. उलट, औषधाविना सोडविलेला मनुष्य पुन्हां पूर्वीचीच मात्रा घेतो तेव्हां शरीराची सहनशक्ति उतरलेली असल्यानें तो दगावण्याची भीति मोठी असते. दारूच्या बाबतींतही दीर्घकाळ पिणाऱ्यानें ती एकाएकी तोडल्यास झटके व वात होण्याचा संभव असतो; तेथें प्रथम वैद्य पाहिजे, उपदेशक मागाहून.

(१२) आपल्या प्रांतांत या सर्व धाग्यांचा मेळ पुणें येथील ‘मुक्तांगण’ या संस्थेंत दिसतो. शहरांत गर्दाचें व्यसन पसरूं लागलें तेव्हां डॉक्टर अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्यानें, १९८६ सालीं येरवडा येथील मनोरुग्णालयाच्या आवारांत ती सुरू केली. वैद्यकीय उपचार, समुपदेश, सुटलेल्या मित्रांची संगत व घरच्या माणसांचा सहभाग हीं चारही अंगें तेथें एकत्र आलीं. सुटलेला रुग्णमित्र पुढें तेथेंच कार्यकर्ता होतो, ही रीत पाहिली म्हणजे बाल्टिमोर व बोस्टन येथील जुन्या हकीकतींची आठवण होते.

(१३) एकंदर छाननीवरून पुढील गोष्टी सिद्ध मानण्यास हरकत नाहीं. समुपदेशानें व्यसन सुटण्यास साहाय्य होतें. तें सर्वांस होत नाहीं व एकट्या शब्दांनीं क्वचितच पुरतें. पद्धतीच्या नांवापेक्षां सांगणाऱ्याचा भाव व संगतीचें सातत्य यांस अधिक महत्त्व आहे. धिक्कारानें अपाय होतो. घसरण हा शेवट नसून पुष्कळदां मुक्तीच्या मार्गांतील एक मुक्काम असतो. आणि कांहीं व्यसनांत औषध हें शब्दांच्या आधीं येतें.

शेवटीं वाचकांस एक विनंति. आपल्या संग्रहांत दारूबंदी-मंडळांचीं शपथपत्रें, सभांचीं इतिवृत्तें, जातिपंचायतींचे ठराव किंवा खाजगी पत्रव्यवहार असेल, तर तो किरकोळ समजून रद्दींत घालूं नये. विशेषतः ज्या पत्रांत कोणी पुन्हां घसरल्याची कबुली आहे, तीं लाजेखातर फाडलीं जातात. पण या विषयांत दुर्मिळ साधन तेंच आहे. नांवें झांकून ठेवावींत, कागद मात्र राखावा. सुटलेल्यांचा इतिहास लिहिण्यास साधनें पुष्कळ आहेत. न सुटलेल्यांची गणती जोपर्यंत आपण करीत नाहीं, तोपर्यंत कोणत्या शब्दानें कोणास तारलें हें आपणांस नीट सांगतां येणार नाहीं.